कुमारांचा क्षय आणि कुमारांचे गाणे

पंडित कुमार गंधर्व यांच्या जन्माला ८ एप्रिल २०२४ रोजी शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने जी भाषणे झाली व जे लेख निघाले, त्यांतून एक विधान आमच्या कानी वारंवार पडले. ते असे की, माळव्याच्या हवेने आणि संगीताच्या साधनेने कुमारांचा क्षय बरा केला. कोणी त्यात नादयोगाची भर घालतो, कोणी प्राणायामाची. विधान ऐकावयास गोड आहे, आणि इंदूरच्या माणसाला तर विशेषच. देवास आमच्यापासून पस्तीस-चाळीस किलोमीटरांवर. तेव्हा त्या पुण्याचा थोडा वाटा आपल्याही पदरी पडावा असे आम्हां इंदूरकरांस वाटत असते. परंतु आमचा व्यवसाय वकिलीचा. श्रेय कोणास द्यावयाचे असा प्रश्न निघाला की आधी तारखा लावून पाहण्याची खोड आम्हांस जडली आहे, आणि तारखा लावू गेल्यास हे विधान टिकत नाही.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हे बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचे. घरची भाषा कानडी. सवाई गंधर्व, वझेबुवा, अब्दुल करीम खाँ यांचे गाणे हे मूल जसेच्या तसे उठवून दाखवी, आणि त्या नवलाईवरच त्यास ‘कुमार गंधर्व’ हे नाव मिळाले. पुढे मुंबईस प्रा. देवधरांच्या विद्यालयात त्यांची खरी तालीम झाली. गोमंतकाचा वारसा सांगणाऱ्या अंजनीबाई मालपेकरांकडेही ते शिकले. १९४७ साली देवधरांच्याच शिष्या भानुमती कंस यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच सुमारास क्षयाने त्यांस गाठले. कोरड्या हवेसाठी म्हणून १९४८ च्या जानेवारीअखेर ते देवासला आले. गाण्याची सक्त मनाई झाली, आणि ती जवळजवळ पाच वर्षे चालली.

ही मनाई ध्यानात घेतली म्हणजे ‘संगीताच्या साधनेने क्षय बरा केला’ हे म्हणणे किती चमत्कारिक आहे ते दिसेल. ज्या काळात रोग बरा झाला त्या काळात कुमार गातच नव्हते. ते बरे झाले ते स्ट्रेप्टोमायसिनने. हे औषध १९४३ साली अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत सापडले आणि १९५२ च्या सुमारास देवासच्या या रोग्यापर्यंत पोहोचले. योगायोग असा की, कुमार देवासला आले त्याच १९४८ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने या औषधाची चाचणी प्रसिद्ध केली. १०७ रोगी निवडले होते. त्यांपैकी ५५ जणांस औषध आणि अंथरुणावरची विश्रांती, ५२ जणांस केवळ विश्रांती. कोणास काय द्यावयाचे ते डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता पाकिटबंद यादृच्छिक वाटणीने ठरविले होते. सहा महिन्यांत औषध मिळालेल्यांपैकी ४ दगावले, न मिळालेल्यांपैकी १४. इतका स्वच्छ पुरावा आम्हांस न्यायालयात क्वचितच पाहावयास मिळतो. हवा आणि विश्रांती यांनी औषध येईपर्यंत कुमारांस तगविले असेल, एवढे श्रेय माळव्यास खुशाल घ्यावे.

हे सारे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण केवळ इतिहासाची शुद्धता हे नव्हे. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आजही आपल्या देशात आहे, आणि साधारण सहा महिन्यांचे औषध मध्येच सोडणे हा त्या रोगातील सर्वांत मोठा धोका. आपल्या देवळांच्या सभामंडपांतून योगाचे वर्ग भरतात, भजनाचे वर्ग भरतात, ते भरावेत. पण अशा वर्गात एखादा उत्साही वक्ता कुमारांचा दाखला देऊन ‘गोळ्या कशाला, सूर लावा’ असे म्हणू लागला, तर समोर बसलेल्या एखाद्या खोकणाऱ्या माणसाचे काय होईल, याचा विचार त्याने करावयास नको काय?

योगाच्या बाबतीत तर आपल्या शास्त्रकारांचीच साक्ष काढता येते. पतंजलींनी चित्ताचे नऊ अंतराय मोजले, त्यांत पहिला व्याधी. म्हणजे रोग ही योगाच्या वाटेतील धोंड. योगाचे प्रयोजन त्याहून पुढचे. आणि ज्यांस आसन-प्राणायामाचा शरीरावरील परिणाम सांगावयाचा होता त्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली, कुमारांच्या जन्मवर्षीच, लोणावळ्यास कैवल्यधाम काढले ते प्रयोगशाळेसह. क्ष-किरणांनी आणि दाब मोजण्याच्या यंत्रांनी ते आपला दावा तपासून पाहत. श्रद्धा कमी होती म्हणून त्यांनी हे केले असे कोण म्हणेल?

तर मग त्या पाच वर्षांत कलेने काय केले? आमच्या मते तिने रोग्यास नव्हे, गाण्यास बरे केले. आणि हे काम कमी प्रतीचे नाही.

कुमारांच्या गाण्याला क्षयाच्या आधीपासून एक दुखणे होते, आणि ते दुखणे म्हणजेच त्यांची कीर्ती. दुसऱ्याचा आवाज हुबेहूब काढणारे मूल मोठे होते तेव्हा त्याच्यापाशी सगळ्यांचे गाणे असते, स्वतःचे नसते. देवधरांच्या शिस्तीने हे पुष्कळ सावरले होते. तरी त्या काळच्या तबकड्या ऐकताना तयारी आणि चतुराई यांनी कान दिपतात, पण हे याच माणसाने गायले पाहिजे होते असे वाटत नाही. अशा माणसाचा गळा दैवाने बंद केला आणि कान तेवढा उघडा ठेवला. देवासच्या अंथरुणावर त्यांच्या कानी जे पडले ते कोणत्याही घराण्याचे नव्हते. बायका लग्नात, बाळंतपणात, सणावारी म्हणत ती माळवी गीते होती. तीन-चार, फार तर पाच सुरांची ती चाल, आणि त्या सुरांत साऱ्या बाईमाणसांचे आयुष्य. कुमारांनी ती टिपून घेतली, त्यांवर विचार केला, आणि रागाचा उगम धुनेत आहे या निष्कर्षास ते आले. त्यातून त्यांचे धुनउगम राग झाले, आणि १९६५ साली निघालेल्या ‘अनूपरागविलास’ या मराठी ग्रंथात त्यांच्या बंदिशी आल्या. ज्याची उठाठेव करून नक्कल करावी असा थोर गवई त्या गीतांच्या मागे नव्हता. म्हणूनच, आम्हांस वाटते, कुमारांस प्रथमच कोणाचीही सावली अंगावर न घेता सुराकडे पाहता आले.

दुसरे जे कानी पडले ते नाथपंथी जोग्यांचे. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे, आणि निर्गुणी पदे गात फिरणारे लोक त्या मुलखात नवे नाहीत. त्या पदांची परिभाषा सारी हठयोगाची : इडा, पिंगळा, शून्य, गगन, अनाहत. श्वास हाच त्यांचा विषय. ज्याला श्वास मोजून खर्चावा लागत होता अशा माणसाने ती ऐकावीत, यात जो अर्थ आहे तो आम्ही फोडून सांगत नाही. कुमारांनी कोणती आसने केली की न केली, हा प्रश्न समीक्षकाच्या कामाचा नाही. योग त्यांच्या गाण्यात कोठून आला ते मात्र येथे दिसते. भजन म्हटले की आपल्या कानांस आर्जव अपेक्षित असते, डोळे ओलावण्याची सोय अपेक्षित असते. कुमारांचे निर्गुण तसे नाही. सूर उंच फेकलेला, मग एकदम आवरलेला. मध्ये तानपुऱ्याचाच अवकाश. त्यात कोणाची करुणा भाकलेली नाही. देवळात वाढलेल्या आमच्यासारख्यांस ते आरंभी रूक्ष वाटते, आणि मग सगुणाची गोडी कायम राहूनही हे दुसरे काहीतरी आहे हे कळू लागते.

अपुऱ्या श्वासामुळेच त्यांची गायकी तुकड्यातुकड्यांची झाली, असे एक मत प्रचलित आहे. त्यात तथ्य आहे, पण थोडे. दुबळ्या फुफ्फुसामुळे तान आखूड होईल. ती कोठे तोडावी आणि तुटल्यावर श्रोत्याच्या मनात कशी चालू राहावी, हे फुफ्फुस सांगत नाही. तसे असते तर प्रत्येक सॅनेटोरियममधून एकेक गवई बाहेर पडला असता. इंदूरचे चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजी हे कुमारांच्या स्नेहमंडळातले. फेकून दिलेल्या काटक्या-चिंध्यांतून ते चित्रे करीत. चिंधीने चित्र केले असे आपण म्हणत नाही.

या साऱ्या वर्षांत एक व्यक्ती अशी होती की जिच्या वाट्याला ना निर्गुण आले ना समारंभ. भानुमतीबाई स्वतः गाणाऱ्या. त्यांनी शिक्षिकेचे काम करून संसार चालविला आणि रोग्याची शुश्रूषा केली. १९५३ च्या सुमारास कुमार पुन्हा मैफलीत बसले ते त्यांच्या बळावर. १९६१ साली बाळंतपणात त्या गेल्या. आत्माविष्काराच्या गोष्टी बोलताना एकाच्या आविष्कारासाठी दुसऱ्याने किती गिळले याचा हिशेब आपण मांडत नाही; शताब्दीच्या लेखांतही तो आम्हांस फारसा आढळला नाही.

कुमारांच्या गाण्यातले सगळेच सारखे उतरले असे आम्ही म्हणणार नाही. विलंबित ख्यालात त्यांचा तो चमकून थांबण्याचा स्वभाव कधी कधी रागाचे अंग मोडतो, आणि जुन्या जाणकारांनी त्यावर घेतलेले आक्षेप निव्वळ हट्टाचे नव्हते. लगनगंधार, मालवती, सहेली तोडी हे राग त्यांच्या शिष्यपरिवाराबाहेर फारसे कोणी गात नाही. काहींच्या मते हा त्या रागांचा पराभव होय. आम्हांस तसे वाटत नाही. पण ज्या मुलाने सर्वांची नक्कल केली त्याचीच नक्कल आता गावोगाव ऐकू येते, तेच फेकलेले सूर, तीच थांबण्याची लकब, आणि त्या थांबण्यामागे काहीच नाही, हे मात्र ऐकवत नाही. अशा वेळी आम्ही घरी येऊन लगनगंधाराची जुनी ध्वनिमुद्रिका लावतो.