कोऱ्या चिठ्ठीची पुस्तकं

आमच्या गावच्या वाचनालयातल्या ग्रंथपाल काकूंना एक छंद आहे. पुस्तकाच्या शेवटी तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते ना, ती कोरी असलेली पुस्तकं त्या हुडकून काढतात. असं पुस्तक सापडलं की कपाटात परत न ठेवता टेबलावर, शिक्क्याशेजारी ठेवतात आणि वाट बघतात. कधीतरी कोणी काहीतरी विचारत येतं, आणि काकू ते पुस्तक हळूच पुढे सरकवतात. कोऱ्या चिठ्ठीवर पहिली तारीख उमटवताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा कार्यकारिणीने मला एक काम दिलं. जागा संपली होती, जुन्या पुस्तकांचं निर्लेखन करायचं होतं. "तू कॉम्प्युटरवाला. दहा वर्षांत एकदाही न गेलेल्या पुस्तकांची यादी काढून दे." देवघेवीच्या नोंदी संगणकावर होत्याच. चार ओळींची क्वेरी लिहिली आणि चहा येईपर्यंत अकराशेच्या वर पुस्तकांची यादी तयार झाली. मी खूश. काकूंनी यादीवरून बोट फिरवलं, उठून एक पुस्तक आणलं आणि म्हणाल्या, "हे वाच. मग छाप यादी."

पुस्तक होतं एस. आर. रंगनाथन यांचं 'द फाइव्ह लॉज ऑफ लायब्ररी सायन्स', १९३१ सालचं. माझ्या यादीत तेही होतं.

रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि काही आठवड्यांतच कंटाळून जुनी नोकरी परत मागायला गेले. आधी इंग्लंडला जाऊन हे शास्त्र शिकून या, असं त्यांना सांगण्यात आलं. तिथून ते परतले ते कायमचे ग्रंथपाल होऊन. गणितातून आलेला माणूस, त्यामुळे त्यांनी सगळा व्यवहार पाच नियमांत बसवला. पुस्तकं वापरण्यासाठी असतात. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे. आणि ग्रंथालय हा वाढता जीव आहे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, यात काय नवीन? पण रंगनाथन पहिल्या नियमाची सुरुवात करतात ती साखळीने बांधलेल्या पुस्तकांपासून. मध्ययुगीन युरोपात पुस्तकं खरोखरच साखळदंडात असत. साखळ्या गेल्या तरी पुस्तक जपून ठेवण्याची वस्तू आहे ही समजूत गेली नाही, असं ते दाखवत जातात. मग वाचनालय कुठे असावं, किती वेळ उघडं असावं, बसायला खुर्ची कशी असावी, हे सगळं त्या एका साध्या वाक्यातून निघतं. दुसऱ्या नियमात बायका, खेडेगावातले लोक, अंध, समुद्रावरचे खलाशी यांच्या वाट्याची पुस्तकं ते मागतात. १९३१ साली, मद्रासमध्ये बसून! हे वाचताना मी दोनदा थांबलो.

पुस्तकात दोष आहेत. नियम नाटकातल्या पात्रांसारखे बोलायला लागतात, ते सुरुवातीला मजेशीर वाटतं, पुढे लांबतं. जगभरच्या ग्रंथालय चळवळींचे दाखले देता देता मजकूर सरकारी अहवालासारखा होतो. आणि मोठी अडचण म्हणजे नियम आपसात भांडले तर काय करायचं, याचं उत्तर मला त्यात सापडलं नाही. वाढत्या जीवाला जुनं टाकावं लागतं. पण प्रत्येक पुस्तकाला वाचक मिळायलाच हवा असेल, तर टाकायचं कोणतं?

माझी नोकरी खरेदीच्या एका अ‍ॅपमध्ये 'तुम्हाला हेही आवडेल' ही पट्टी चालवण्याची आहे. म्हणजे आम्ही दिवसभर दुसरा आणि चौथा नियमच पाळतो: माणसाला त्याची वस्तू, तीही चटकन. तिसरा नियम आमच्याकडे नाही. जी वस्तू कोणी उघडत नाही ती खाली जाते, खाली गेली म्हणून कोणाला दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून कोणी उघडत नाही. वाचनालयासाठी लिहिलेल्या क्वेरीतही मी नकळत तेच केलं होतं. 'कोणी नेलं नाही' याचा अर्थ मी 'कोणाला नको' असा लावला. काकू त्याच ओळीचा अर्थ 'अजून कोणाला भेटलं नाही' असा लावतात.

याचा पुरावा यादीतच होता. गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' दोनदा दिसलं: एक प्रत सतत जाणारी, दुसरी कधीच न गेलेली. मी दुसरीपुढे 'जादा प्रत' असं लिहून मोकळा झालो. काकूंनी दोन्ही टेबलावर उघडून ठेवल्या. १८५७ च्या धामधुमीतला हा प्रवास १९०७ साली छापून आला तो चिं. वि. वैद्य यांनी बदल करून. भटजींचा मूळ मजकूर द. वा. पोतदारांनी प्रसिद्ध केला १९६६ साली. न गेलेली प्रत ही दुसरी होती. नाव एक, लेखक एक, पुस्तकं दोन. "सध्या मी हेच वाचतेय," काकू म्हणाल्या, "दोन्ही शेजारी शेजारी ठेवून. कुठे काय बदललंय ते बघायला फार मजा येते." ही मजा माझ्या चार ओळींनी रद्दीत घातली असती.

शेवटी यादी छापली, पण वेगळी. जुनी गाइडं, कालबाह्य कायद्यांची पुस्तकं, वाळवी लागलेल्या प्रती गेल्या. त्यांना काकूंचाही विरोध नव्हता. उरलेल्यांतून दर आठवड्याला पाच पुस्तकं टेबलावर येतात. कोणती, हे काकू ठरवतात. त्यासाठी प्रोग्राम लिहून देऊ का म्हणून विचारलं, तर त्या नुसत्या हसल्या.

रंगनाथन यांचं पुस्तक मी घरी नेलं. चिठ्ठीवर पहिली तारीख पडली. परत करायची मुदत कधीच उलटून गेली आहे. काकूंनी अजून दंड मागितलेला नाही. पण पुढच्या वाचकाची पाळी मी अडवून बसलोय हे कळतंय. येत्या रविवारी गावी जाईन तेव्हा पुस्तक टेबलावर ठेवीन, शिक्क्याशेजारी.