देवाचा निरोप आणि ख्रिस्ती हे नाव

देवावरील श्रद्धा नाकारणाऱ्या मनुष्याने स्वतःस ख्रिस्ती म्हणवावे काय, हा प्रश्न विसाव्या शतकात मंडळीच्या आतूनच, वेदीजवळ उभे राहणाऱ्यांकडून विचारला गेला. अँग्लिकन पाळक व केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजचे डीन डॉन क्युपिट (१९३४–२०२५) यांचा ‘टेकिंग लीव्ह ऑफ गॉड’ (१९८०) हा या वादातील एक प्रमुख ग्रंथ होय. आमच्या धर्मशिक्षकांपुढेही हा प्रश्न केव्हातरी येणार, म्हणून त्याचा परामर्श घेणे अगत्याचे वाटते.

क्युपिट यांचे म्हणणे थोडक्यात असे : आपल्याबाहेर असणारा व आज्ञा करणारा देव मानला की धर्माचरण पराधीन होते. धर्मजीवनाची मागणी मनुष्याने स्वतःहून, फळाची अपेक्षा न धरता स्वीकारली पाहिजे. ‘देव’ हे त्या मागणीचे प्रतीक आहे. प्रार्थना व उपासना राहाव्यात. वस्तुतः अस्तित्वात असलेला देव मात्र मानू नये.

यातील सत्यांश आम्ही मान्य करतो. नवस फेडल्यासारखी उपासना आमच्या मंडळ्यांतही चालते. देवाविषयीच्या खोट्या कल्पना टाकून देणे हा श्रद्धेचाच भाग आहे. आद्य ख्रिस्ती लोकांवर तर नास्तिकतेचाच आरोप होता. दुसऱ्या शतकातील जस्टिन मार्टर याने, त्या मानलेल्या देवांपुरता तो आरोप कबूल केला. खऱ्या देवाविषयी मात्र तो साफ नाकारला.

नेमक्या याच ठिकाणी प्रस्तुत ग्रंथ लंगडा पडतो. ग्रंथाचे नाव मायस्टर एकहार्ट या मध्ययुगीन साधकाच्या वचनावरून घेतले आहे. पण एकहार्टने देवाचा निरोप घेतला तो देवासाठी! क्युपिट यांनी निरोप ठेवला आणि ज्याच्यासाठी तो घ्यावयाचा त्यालाच वगळले. कीथ वॉर्ड यांनी १९८२ साली ‘होल्डिंग फास्ट टु गॉड’ हा ग्रंथ लिहून त्यांना उत्तर दिले, ते उचितच झाले.

आमचा मुख्य आक्षेप मात्र येशूसंबंधी आहे. देव नको, येशूचा मार्ग हवा, असे म्हणणाऱ्यांनी गेथशेमाने बागेकडे पाहावे. तेथे येशू ‘अब्बा’ म्हणून हाक मारतो आणि स्वतःची इच्छा पित्याच्या इच्छेपुढे नमवितो. ऐकणारा कोणी नसेल, तर ती प्रार्थना केवळ स्वगत ठरते. पित्याला वगळल्यावर जो येशू उरतो, तो शुभवर्तमानांतील येशू नव्हे.

येथे नारायण वामन टिळकांचे स्मरण होते. १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला व त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान दिले. मंडळीची कुंपणे त्यांनी ओलांडली, परंतु दरबार देवाचाच राहिला. क्युपिट यांनी कुंपण राखले आणि सिंहासन रिकामे केले.

ख्रिस्ती हे नाव प्रथम अंत्युखियात शिष्यांना मिळाले (प्रे. कृत्ये ११:२६). बाप्तिस्म्यातही पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने दुसरा कोणी आपल्यावर पाणी घालतो. म्हणून हे नाव म्हणजे दान आहे. दाता नाकारून दानावर हक्क सांगता येत नाही. तथापि एकदा झालेला बाप्तिस्मा पुसला जात नाही, म्हणून श्रद्धा सोडलेल्या बंधूस आम्ही परका म्हणणार नाही. शिकविण्याच्या पदाची गोष्ट निराळी. अँथनी फ्रीमन या पाळकांनी १९९३ साली ‘गॉड इन अस’ लिहिले, तेव्हा चिचेस्टरच्या बिशपांनी १९९४ साली त्यांना मंडळीच्या सेवेतून दूर केले. हा निर्णय कठोर असला, तरी लोकांच्या वतीने मतांगीकार म्हणणाऱ्याने तो मनापासून म्हणावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

शंका आणि नकार यांत मात्र पाळकांनी गल्लत करू नये. मार्काच्या नवव्या अध्यायातील पिता आपला अविश्वास लपवीत नाही. तो घेऊनच तो येशूकडे येतो व त्याचा मुलगा बरा होतो. असा कोणी आपल्या दारी आला, तर त्याची परीक्षा घेण्याआधी त्याच्यासाठी प्रार्थना करावी. ती ऐकणारा आहे, हाच आमचा विश्वास आहे.