नांव कोणीं ठेवावें?

नियतकालिकांच्या नांवांवर टीका लिहूं नये असा एक अलिखित संकेत आहे. टीकाकारानें आंतील मजकूर पाहावा. शिरोभागीं छापलेलें नांव ही संपादकाची हौस म्हणून सोडून द्यावें, असें समजलें जातें. 'मनोरंजन' किंवा 'केसरी' यांच्यापुरतें हें समजणें फारसें चुकीचें नाहीं. परंतु मराठींत एक नामावळी अशी आहे कीं, तींत नांव हाच मुख्य मजकूर होय. ज्यांस समाजानें अस्पृश्य ठरवून गांवकुसाबाहेर ठेविलें, त्यांनीं गेल्या सव्वाशें वर्षांहून अधिक काळांत आपल्या मंडळ्यांस, पत्रांस व वाङ्मयास जीं नांवें दिलीं, तीं क्रमानें वाचलीं म्हणजे एखादा ग्रंथ वाचल्याचा प्रत्यय येतो. त्या ग्रंथाचें परीक्षण करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस आपण कोण हें सांगण्यासाठीं नवा शब्द शोधावा लागला नसेल. आडनांव आणि गांव एवढ्यावर भागतें. त्यामुळें ही चर्चा कदाचित् नुसता शब्दच्छल वाटेल. पण ज्याला मारलेल्या हांकेंतच अपमान भरलेला आहे, त्यानें दुसरी हांक शोधणें ही कांहीं हौस नव्हे.

आरंभींचीं नांवें पूर्वजांकडे पाहतात. गोपाळबुवा वलंगकर हे पलटणींतून निवृत्त झालेले गृहस्थ. जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांजवर मोठा प्रभाव. त्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी संस्था काढिली तिचें नांव 'अनार्य दोष परिहारक मंडळी'. 'अनार्य' हा शब्द त्यांनीं निंदकांच्या हातून काढून घेतला व अभिमानानें धारण केला, हें धैर्य लहान नव्हे. मात्र पुढचा 'दोष' आम्हांस अडखळवितो. तो कोणाचा? अनार्यांचा, कीं अनार्यांवर लादलेला? समास दोन्हीकडे झुकतो. १९०८ सालीं शिवराम जानबा कांबळे यांनीं पुण्यांत 'सोमवंशीय मित्र' काढिलें. तेथें दोष उरला नाहीं, पण तेज उसनें आलें. ज्या वंशावळींच्या शिडीनें खालच्या पायरीवर बसविलें, तिच्याच वरच्या पायरीवर हक्क सांगितल्यानें शिडी कायमच राहते.

दुसरा वर्ग करुणेच्या नांवांचा. विठ्ठल रामजी शिंदे यांनीं १९०६ मध्यें मुंबईस स्थापिलेल्या संस्थेचें मराठी नांव 'भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी' असें होतें. शिंदे यांच्या तळमळीविषयीं शंका घेणें कृतघ्नपणाचें होईल. त्यांनीं आयुष्य त्या कामीं वेंचलें. पण 'निराश्रित' हा शब्द साह्य देणाऱ्याच्या ओसरीवर उभें राहून उच्चारलेला आहे. नागपूरकडील किसन फागुजी बनसोडे यांनीं तोच शब्द आपल्या पत्रासाठीं १९१० सालीं घेतला, तेव्हां त्यापुढें दोन शब्द जोडले: 'निराश्रित हिंद नागरिक'. आश्रय मागणारा पहिला शब्द आणि अधिकार सांगणारा शेवटचा, हे एकाच मथळ्यांत शेजारीं बसले आहेत, आणि त्यांचें पटत नाहीं. हें न पटणेंच आम्हांस त्या नांवांतील सर्वांत जिवंत गोष्ट वाटते.

आतां या ग्रंथाचें मुख्य प्रकरण. डॉ. आंबेडकरांच्या पत्रांचीं नांवें व्याकरणाच्या दृष्टीनें कोणीं तपासलीं असल्यास तें आमच्या वाचनांत आलेलें नाहीं. ३१ जानेवारी १९२० रोजीं 'मूकनायक' निघालें. याचा विग्रह दोन प्रकारें होतो. मूकांचा नायक, हा एक. आणि मूक असा नायक, हा दुसरा. पहिल्यांत बोलणारा एक आणि ऐकणारे पुष्कळ. दुसऱ्यांत जो आजवर गप्प होता तोच कथेचा नायक आहे. ३ एप्रिल १९२७ रोजीं, म्हणजे महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन दोन आठवडे झाल्यावर, 'बहिष्कृत भारत' निघालें. येथें 'भारतांतील बहिष्कृत' असें म्हटलेलें नाहीं, हें लक्षांत घ्यावें. विशेष्य 'भारत' आहे. देशाच्या एका कोपऱ्यांत कांहीं दुर्दैवी लोक पडले आहेत असें हें नांव सांगत नाहीं. बाहेर घातला गेला आहे तो एक भारतच, असें सांगतें. शिवाय 'बहिष्कृत' हें कर्मणि भूतकालवाचक विशेषण. त्याचा कर्ता तृतीयेंत यावयाचा, तो अध्याहृत ठेविला आहे. कोणीं बहिष्कृत केलें? ती तृतीया वाचकासच भरून घ्यावी लागते, आणि १९२७ सालीं मराठी वाचणाऱ्या वर्गांत ती आपल्या घरच्या माणसांच्या नांवांनीं भरावी लागली असती अशीं घरें थोडीं नव्हतीं.

पुढें १९२८ मध्यें 'समता', १९३० मध्यें 'जनता'. 'जनता' या नांवांत विशेषणच गळून पडलें. हें पत्र पंचवीस वर्षें त्याच नांवानें चाललें आणि फेब्रुवारी १९५६ मध्यें त्याचें 'प्रबुद्ध भारत' झालें. (या नांवाचें रामकृष्ण संघाचें इंग्रजी मासिक १८९६ पासून निघत आहे, पण या परंपरेंत त्या नांवास जी जागा मिळाली ती त्याची स्वतःची.) विशेष्य पुन्हां 'भारत'. विशेषणहि पुन्हां क्तान्त. मात्र 'बहिष्कृत' कर्मणि होतें आणि 'प्रबुद्ध' कर्तरि आहे: येथें जागें करणारा दुसरा कोणी अध्याहृत नाहीं, जो जागा झाला तो स्वतः झाला. नागपूरचें धर्मांतर १४ ऑक्टोबर १९५६ चें. नांव आठ महिने आधीं आलें.

या दोन नांवांच्या मधल्या काळांत 'हरिजन' या शब्दाचा वाद होऊन गेला. गांधीजींनीं तो सद्भावनेनें रूढ केला. १९३३ पासून त्यांचें साप्ताहिकहि त्याच नांवानें निघूं लागलें. शब्द गोड आहे. तो तर्कास मात्र टिकत नाहीं. सगळेच हरीचे जन असतील तर नांव निरर्थक. कांहींच असतील तर बाकीचे कोणाचे? १९३८ च्या जानेवारींत मुंबई विधिमंडळांत हा शब्द कायद्यांत घालण्याचा प्रश्न आला. भाऊराव गायकवाडांनीं विरोध केला, सरकारपक्षानें बहुमताच्या जोरावर तो शब्द कायम ठेविला, आणि आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह सभागृहांतून उठून गेले. ज्यांस हांक मारावयाची त्यांचें मत मोजण्यांत आलें. पण तें इतरांच्या मतांत मिसळून.

'दलित' या शब्दापाशीं आमचें मत द्विधा होतें. १९५८ सालीं मुंबईस पहिलें दलित साहित्य संमेलन भरलें व अण्णा भाऊ साठे यांनीं त्याचें उद्घाटन केलें. १९७२ मध्यें 'दलित पँथर' स्थापन झाली, आणि तिच्या पुढील वर्षींच्या जाहीरनाम्यानें शेतमजूर, कामगार, गरीब शेतकरी व स्त्रिया यांसहि या नांवाखालीं घेतलें. शब्द जातीहून मोठा करण्याचा तो प्रयत्न होता. दोन वर्षांत संघटना फुटली ती अंशतः याच विस्तारावरून. पुढें 'बौद्ध साहित्य', 'आंबेडकरी साहित्य', 'फुले-आंबेडकरी साहित्य' असे पर्याय त्याच वर्तुळांतून आले. 'आम्ही दळले गेलों, पण तेवढेंच आम्ही नव्हे', हा त्यांचा आक्षेप आम्हांस योग्य वाटतो.

तो पटण्याचें कारण आमच्याच धंद्यांत आहे. 'दलित' हा शब्द मुखपृष्ठावर दिसला कीं परीक्षणाचीं विशेषणें आधींच जुळून तयार असतात: दाहक, विदारक, अंतर्मुख करणारें. बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा. खरें नांव लपवून राहण्याची धास्ती त्यांतील शीर्षककथेनें कशी रचली आहे, तिची गति कोठें वाढते, कोठें थांबते, याविषयीं लिहिण्याऐवजीं आम्हां परीक्षकांपैकीं अनेकांनीं दुःखाची खोलीच मोजली. संस्कृतांत 'दलित' याचा उमललेला असाहि अर्थ आहे. कवींनीं तो कळ्यांविषयीं वापरला आहे. कोणी पंडित तो पुढें करून समेट घडवूं पाहील. आम्ही तसें करणार नाहीं. त्या शब्दाचा अर्थ सुखकर करून देण्याचा अधिकार आमचा नव्हे.

ऑगस्ट २०१८ मध्यें केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण खात्यानें खाजगी दूरचित्रवाणी वाहिन्यांस सूचना केली कीं, 'दलित' हा शब्द टाळून 'अनुसूचित जाती' हा घटनेंतील शब्द योजावा. कचेरींत, अर्जांत, शिष्यवृत्तीच्या कागदांत तो योग्यच आहे. त्या शब्दावर हक्क उभे आहेत. पण 'अनुसूचित' म्हणजे यादींत नोंदविलेला. हेंहि क्तान्तच, कर्मणि. आणि नोंदविणारा येथेंहि दुसराच. 'अनुसूचित साहित्य संमेलन' भरल्याचें आमच्या तरी ऐकिवांत नाहीं.