‘रत्नावली’तील वसंतोत्सव

श्रीहर्षाच्या नांवावर असलेली ‘रत्नावली’ नाटिका ज्यांनीं वाचली आहे, त्यांच्या स्मरणांत पहिल्या अंकांतील मदनमहोत्सव असतोच. सुगंधी चूर्णानें कौशांबी पिवळी झाली आहे, पिचकाऱ्यांतून पाणी उडत आहे, शेंदरानें जमीन लाल झाली आहे. आणि उदयन राजा वसंतक विदूषकासह राजवाड्यावरून तें सारें न्याहाळीत आहे. या श्लोकांची कारागिरी आम्हांस मान्य आहे. परंतु त्यांतच वसंतोत्सवाचें चित्र पूर्ण झालें, असें म्हणावयास आम्ही तयार नाहीं.

राजाला दिसतें तें काय? रंग, अलंकार आणि गर्दी. त्या गर्दींतील एकाही नागरिकाचें सुखदुःख त्याच्या दृष्टीस पडत नाहीं. उंचावरून नगर दिसतें, माणूस दिसत नाहीं. विदूषक निदान खालीं उतरून दोन दासींबरोबर नाचतो तरी. राजा केवळ कौतुक करितो.

कवीला ही दृष्टि सोयीची होती, याचें कारण प्रस्तावनेंतच सांपडतें. ही नाटिका वसंतोत्सवाच्या निमित्तानें, देशोदेशींहून आलेल्या राजांच्या सांगण्यावरून होत आहे, असें सूत्रधार म्हणतो. हर्षाचें राज्य इ. स. ६०६ ते ६४७ पर्यंतचें. त्याच्या आश्रयाचे हे राजे उत्सवास आलेले पाहुणेच होते. आणि मानाच्या पाहुण्यास बसावयास उच्चासन मिळतें.

परंतु याच अंकांत दुसरीही एक परकी व्यक्ति आहे, व तिला कोणतेंच आसन नाहीं. ती सागरिका. सिंहलाची ही राजकन्या समुद्रांत गलबत फुटल्यामुळें कौशांबीस दासी होऊन राहिली आहे. मकरंदोद्यानांत रक्ताशोकाखालीं वासवदत्ता मदनाची पूजा करीत असतां, राजाची नजर पडूं नये म्हणून राणी तिला मैनेकडे पाहावयास पाठविते. ती जात नाहीं. झाडाआड उभी राहून पाहते. तिच्या मनांत येतें तें एवढेंच, कीं आपल्या वडिलांच्या अंतःपुरांत या देवाची पूजा चित्रांत होते, येथें तो प्रत्यक्ष आहे! ती राजालाच मदन समजली आहे. प्रेक्षक हंसतात; पण आमच्या मतें साऱ्या अंकांत उत्सवाचा खरा स्पर्श याच प्राकृत बोलांत आहे. परक्या गांवीं सण पाहतांना माणसाला प्रथम आपल्या घरचा सण आठवतो. मग भेद दिसतो, मग विस्मय वाटतो, आणि क्वचित् चूकही होते. ही चूक राजाच्या निर्दोष श्लोकांहून अधिक सजीव आहे.

हें आम्ही केवळ ग्रंथावरून म्हणत नाहीं. एका होळीस आम्ही काशींत होतों. दुर्गाघाटाजवळच्या एका मराठी घराच्या गच्चीवरून गल्लींतील रंग पाहिला, आणि अंगावर एक थेंबही न घेतां परत आलों. पुढें त्या उत्सवाचें वर्णन करूं लागलों, तेव्हां सांगावयास फक्त रंगांचीं नांवें होतीं. त्यानंतर वर्गांत हा अंक शिकवितांना राजाचे श्लोक आम्हांस पूर्वीसारखे गोड लागले नाहींत. त्यांत आम्हांस आमचीच गच्ची दिसूं लागली.

कवीचा दोष इतकाच, कीं त्यानें सागरिकेला झाडाआड उभें केलें, पण तिच्या डोळ्यांनीं नगर दाखविलें नाहीं. पुढील अंकांत तिची दृष्टि प्रेमाच्या कारस्थानांत गुंतते व वसंतोत्सव मागें पडतो. यमुनाकांठच्या कोसम येथें आज कौशांबीचे केवळ अवशेष आहेत. राजवाडा गेला, त्यावरून पाहणारेही गेले. सण मात्र गल्लोगल्लीं अजून खेळला जातो. त्याच्याविषयीं लिहूं इच्छिणाऱ्यानें आधीं जिना उतरावा, एवढीच आमची विनंति. आणि ती करण्याचा अधिकार आम्हांस आमच्या कोरड्या कपड्यांनीं दिला आहे.