वारसायुद्ध आणि धर्म : अथर अली यांच्या ग्रंथाचे पुनर्वाचन

शाहजहान १६५७ मध्ये आजारी पडला आणि त्याच्या चार पुत्रांत गादीसाठी युद्ध पेटले. हे युद्ध आजही अनेकदा उदार दारा शुकोह विरुद्ध कर्मठ औरंगजेब, आणि पर्यायाने हिंदू विरुद्ध मुस्लिम, अशा चौकटीत शिकवले जाते. या चौकटीला पुराव्यानिशी धक्का देणारा ग्रंथ म्हणजे एम. अथर अली यांचा औरंगजेबकालीन मोगल उमरावांवरील अभ्यास. १९६६ साली तो प्रसिद्ध झाला, १९९७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली.

अथर अलींनी मते मांडण्याआधी माणसे मोजली. एक हजार जात व त्यावरील मनसबदारांपैकी दाराच्या बाजूला ८७ आणि औरंगजेबाच्या बाजूला १२४ जण त्यांना आढळले. त्यांत हिंदू अनुक्रमे २४ व २१. इराणी उमराव शियापंथीय म्हणून औरंगजेबाच्या विरोधात गेले, हा समजही टिकत नाही. दाराकडे २३ इराणी होते, तर औरंगजेबाकडे २७.

आपल्या दृष्टीने पोटविभागणी अधिक बोलकी आहे. दाराकडे २२ राजपूत व २ मराठे; औरंगजेबाकडे ९ राजपूत व १० मराठे. औरंगजेब १६५२ पासून दक्षिणेचा सुभेदार होता, दारा बापाजवळ दरबारात. ज्याचा जिथे वावर, तिथली माणसे त्याच्याकडे अधिक वळली, असा अर्थ यातून निघतो.

तरीही या मांडणीला दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की तक्त्यात प्रत्येकाला एकच रकाना मिळतो. प्रत्यक्षात माणसे रकाने बदलत होती. जसवंतसिंह एप्रिल १६५८ मध्ये धर्मात येथे औरंगजेबाशी लढला, पुढे त्याच्याकडे आला, जानेवारी १६५९ मध्ये खजवा येथे त्याला सोडून गेला, आणि मार्चमध्ये अजमेरजवळच्या लढाईत दाराला मदत न करता दूर राहिला. त्याला कोणत्या रकान्यात घालावे? मिर्झा राजे जयसिंहानेही सामूगढनंतर दाराच्या पुत्राची साथ सोडली.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. उमरावांची विभागणी धर्मानुसार झाली नाही, एवढे आकडे सिद्ध करतात. धर्माची भाषा वापरली गेली नाही, हे ते सिद्ध करत नाहीत. १६५९ मध्ये दाराला ठार करताना धर्मत्यागाचा आरोप पुढे केला गेलाच. मुराद मात्र औरंगजेबाचा सहकारी होता, तरी तोही कैदेत गेला आणि १६६१ मध्ये मारला गेला; त्याच्या बाबतीत खुनाचा जुना खटला उकरून काढण्यात आला. प्रतिस्पर्धी दूर करणे हा हेतू दोन्हीकडे समान, कारणे मात्र सोयीची.

मग युद्ध का झाले? ज्येष्ठ पुत्रालाच गादी, असा पक्का नियम मोगलांत नव्हता. मुनिस फारुकी यांनी २०१२ च्या ग्रंथात दाखवले आहे की शाहजादे वर्षानुवर्षे आपले घराणे, फौज व मित्र जमवत आणि ही स्पर्धाच साम्राज्याला नवी माणसे जोडून देई. अथर अलींचे आकडे या विवेचनासोबत वाचले, तर ते अधिक अर्थपूर्ण होतात.

अध्यापकांनी हा तक्ता विद्यार्थ्यांसमोर ठेवावा, पण निकाल म्हणून नव्हे. ‘हे १० मराठे औरंगजेबाकडे का गेले असतील?’ एवढा एक प्रश्न विचारला, तरी वर्गातील चर्चा धर्माच्या ठोकळ्यांतून बाहेर पडून जहागीर, चाकरी आणि प्रदेश यांच्याकडे वळेल.