कार्व्हरच्या नाण्यावर माती का नाही?

मराठी वाचकाला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर भेटतो तो बहुधा वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर' (१९८१) मधून. त्याच कार्व्हरवर अमेरिकेने चांदीचं नाणं काढलं होतं, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. अर्धा डॉलर, साडेबारा ग्रॅम वजन, ९० टक्के चांदी. १८९२ मध्ये कोलंबसच्या नाण्याने सुरू झालेली अमेरिकी स्मारक-नाण्यांची जुनी मालिका १९५४ मध्ये याच नाण्यावर संपली. त्यामुळे संग्राहकांच्या यादीत ते असतंच. पण नाणं नुसतं जमवायचं नसतं, वाचायचंही असतं.

वाचू या. एका बाजूला कार्व्हर आणि बुकर टी. वॉशिंग्टन यांचे चेहरे. शिल्पकार आयझॅक हॅथवे स्वतः कृष्णवर्णीय, ही मोठीच गोष्ट. दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा नकाशा आणि 'अमेरिकनिझम' हा शब्द. कापसाने पिळून काढलेल्या जमिनीत शेंगदाणा आणि चवळी पेरायला सांगणारा, १९०६ पासून गाडीवर शाळा घालून शेतकऱ्याच्या दारात नेणारा माणूस इथे कुठेच नाही. ना शेंग, ना माती.

याचं उत्तर कायद्यात सापडतं. नाण्याच्या विक्रीतून मिळणारा पैसा कृष्णवर्णीयांमध्ये कम्युनिझम पसरू नये म्हणून वापरायचा, असं त्यात लिहिलं होतं. कार्व्हर १९४३ मध्येच वारला होता. शीतयुद्धाच्या कामाला त्याचा चेहरा उपयोगी पडला, त्याचं काम नाही. वर तीच नक्षी चार वर्षं तीन टांकसाळींतून पाडली गेली. पूर्ण संच हवा तर बारा नाणी घ्या!

आपण तरी वेगळं काय केलं? १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्र खडी फोडत होता, सुकडी आणि अमेरिकेतून आलेला लाल मिलो खात होता. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, भारत सरकारने १० आणि २० रुपयांची निम्म्या चांदीची नाणी काढली. त्यावर मजकूर होता : 'अधिक अन्न उगाओ'. क्रियापद आज्ञार्थी. पाणी कुठून आणायचं, ते नाणं सांगत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार तेव्हा कोरडं पडलेलं होतं. माणसं पोटासाठी गाव सोडत होती. १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या सरपंचपदाच्या काळात गावाने जे ठरवलं, त्यात 'अधिक' हा शब्द जवळजवळ नाहीच. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. दरवर्षी पाऊस मोजायचा आणि पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची. अन्न वाढलं ते 'नाही' म्हणायला शिकल्यावर. कार्व्हर हेच सांगत होता : आधी जमिनीकडे काय उरलंय ते बघा.

असा ताळेबंद नाण्यावर कोरता येत नाही, हे खरं. नाण्याला चेहरा हवा असतो, घोषणा हवी असते. शिवाय संग्राहकाच्या बाजारात नाण्याची किंमत ठरते ती त्याला हात न लागण्यावर. घासूनपुसून चकचकीत केलं तरी भाव उतरतो. ज्याचे हात आयुष्यभर मातीत होते त्याची आठवण अशी, हात न लावता जपायची! हा विरोधाभास कुठल्याही कॅटलॉगमध्ये लिहिलेला नसतो.

म्हणून ही नाणी घेऊ नयेत का? जरूर घ्यावीत. फसलेलं स्मारकही साक्षीदार असतं. कुणाला काय लपवायचं होतं, ते त्यातून कळतं. फक्त नाण्याच्या पाकिटात वर्ष, टांकसाळ आणि प्रत यांच्यासोबत आणखी एक ओळ लिहावी : हे कुणी, कशासाठी काढलं, आणि ज्याच्या नावाने काढलं त्याचं काम यावर आहे का? कार्व्हरच्या पाकिटात उत्तर 'नाही' असं लिहावं लागेल. तरीही ते पाकीट संग्रहातलं सगळ्यांत मोलाचं ठरेल.