मुरलेले जहाज

लाकूड टिकवण्यासाठी पॉलिमर, म्हणजेच बहुवारिके, कशी उपयोगी पडतात हे सांगायचे झाले की लेखांतून आणि व्याख्यानांतून 'वासा'चे उदाहरण हमखास येते. वासा हे स्वीडनचे लढाऊ जहाज. (आपल्या घराच्या वाशाशी त्याचा संबंध नाही, ते तिथल्या राजघराण्याचे नाव.) १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत, दीड किलोमीटरही न जाता, ते स्टॉकहोमच्या बंदरात कलंडून बुडाले. २४ एप्रिल १९६१ रोजी ते वर काढले. १९६२ पासून १७ वर्षे त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे फवारे मारले, सावकाश वाळवले आणि १९९० साली खास बांधलेल्या संग्रहालयात लोकांपुढे ठेवले. गोष्ट इथेच संपवायची आणि 'पॉलिमरने लाकूड अमर केले' असे म्हणायचे, अशी रीत पडली आहे. माझा आक्षेप या रीतीला आहे.

आधी श्रेय देऊ. ३३३ वर्षे पाण्यात राहिलेल्या लाकडातला सेल्युलोजचा बराच भाग, विशेषतः पृष्ठभागाजवळचा, जिवाणूंनी खाल्लेला असतो. दुबळ्या झालेल्या पेशींचा आकार आतल्या पाण्याने सावरून धरलेला असतो. लाकूड तसेच वाळवले तर मागे सरणाऱ्या पाण्याचा पृष्ठताण पेशीभित्तिकांना आत ओढतो. लाकूड आकसते, तडकते. वर्गात हे सांगायला आवळा पुरेसा आहे. उन्हात वाळवला तर तो सुरकुततो, पाकात मुरवला तर टपोरा राहतो, कारण पाण्याची जागा साखरेने घेतलेली असते आणि साखर उडून जात नाही. ग्लायकॉलचे काम हेच. मात्र रेणू केवढा घ्यायचा हा पेच असतो. साखळीतल्या एका कडीचा भार ४४ धरला, तर ६०० रेणुभाराच्या साखळीत सुमारे १३ कड्या आणि ४००० च्या साखळीत सुमारे ९० कड्या येतात, हा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. लहान रेणू पेशीभित्तिकेत शिरतो, पण तो मऊ असतो आणि हवेतला ओलावा ओढतो. मोठा रेणू मेणासारखा घट्ट होतो, पण खोल जात नाही. वासासाठी १५०० आणि ६०० रेणुभाराचे ग्लायकॉल फवारले व पृष्ठभागावर ४००० चे लावले. त्या काळी यापेक्षा चांगली तडजोड कोणी केली असती, असे मला वाटत नाही.

पण याला 'लाकूड-पॉलिमर' म्हणून मिथाइल मेथाक्रिलेटच्या रांगेत बसवणे चूक आहे. तिथे कोरड्या लाकडाच्या पोकळ्यांत एकवारिकाचा द्रव भरतात आणि उष्णतेने किंवा गॅमा किरणांनी त्याचे आतल्या आतच बहुवारिक करतात. लाकूड कठीण होते. ग्लायकॉल तयार साखळ्यांच्या रूपातच आत जाते, लाकडाशी त्याचा रासायनिक बंध होत नाही, पाण्यात ते पुन्हा विरघळते आणि लाकूड उलट थोडे मऊच होते. आकार राखणे वेगळे आणि ताकद वाढवणे वेगळे. आपले बरेच लेख दोन्ही एकाच पोत्यात भरतात.

गोष्टीचा उरलेला भाग २००० सालच्या पावसाळी उन्हाळ्यात सुरू होतो. संग्रहालयातली हवा दमट झाली आणि लाकडावर पांढरट-पिवळे क्षार फुललेले दिसले. ते तीव्र आम्लधर्मी होते. २००२ साली माग्नुस सँडस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये कारण मांडले. ओकच्या तुळयांत वजनाच्या ०.२ ते ४ टक्के मूलद्रव्यरूपी गंधक साठले होते. त्याचे पूर्ण ऑक्सिडीकरण झाले तर ५,००० किलोपर्यंत गंधकाम्ल होऊ शकेल. हे गंधक आले बंदराच्या प्राणवायूविरहित पाण्यातून. तिथले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करत आणि ते लाकडात झिरपे. गंमत अशी, की प्राणवायूचा हाच अभाव आणि लाकूड पोखरणाऱ्या किड्याला न मानवणारे कमी खारट पाणी यांमुळे तर जहाज वाचले होते!

दुसरा दोषी लोखंड. मूळचे खिळे-बोल्ट गंजून गेलेले होते आणि जहाज वर काढल्यावर नवे पाच हजारांहून अधिक लोखंडी बोल्ट ठोकले. लोखंडी सुरी लागलेला आवळा काळा पडतो हे आपण पाहतो; ओकमध्येही टॅनिन भरपूर असते. पण वासात काम काळेपणावर भागले नाही. लोह उत्प्रेरक ठरले, गंधकाचे आम्ल होऊ लागले आणि आम्लाने सेल्युलोजच्या साखळ्या तुटू लागल्या. पुढच्या अभ्यासांत असेही दिसले की लोह आणि प्राणवायू मिळून लाकडाची थेट झीज करतात. आतल्या भागात ऑक्झॅलिक आम्ल सापडले आणि ताण सोसण्याची शक्ती घटलेली आढळली. ग्लायकॉलने हे आम्ल तयार केले नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. पण 'पॉलिमर भरले म्हणजे लाकूड बंद झाले' ही समजूत खोटी ठरली. प्राणवायू आत पोचत राहिला. १९६० च्या दशकात प्रश्न एवढाच विचारला गेला होता, की वाळताना तडे जातील का. त्याचे उत्तर बरोबर आले.

२००४ साली वातानुकूलन सुधारले, २०११ ते २०१८ या काळात बोल्ट बदलून स्टेनलेस स्टीलचे बसवले. इंग्लंडच्या 'मेरी रोझ'वर १९९४ ते २०१३ ग्लायकॉल फवारले, तिथल्या लाकडातही गंधक आणि लोह आहेच. वासाच्या तुळयांत आधीच मुरलेले लोह काढायचे तर लाकूड पुन्हा भिजवावे लागेल, आणि भिजवले की ग्लायकॉलही धुऊन जाईल. त्यामुळे ते लोह अजून आतच आहे.